बंगळूर की तंजावर?

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

आमचं गाव वडगाव रासाई. शिरूर तालुक्यातलं, भीमेच्या काठावरचं. नदी ओलांडली की दौंड तालुका. कचेरीची कामं शिरूरला, पण लांबच्या प्रवासाला निघायचं म्हटलं की आमचं तोंड नदीपलीकडं, दौंडच्या रेल्वे जंक्शनकडं. तिथून दक्षिणेला जाणारी गाडी सोलापूर, कलबुर्गी म्हणजे आपलं जुनं गुलबर्गा, वाडी असं करत रायचूरला पोचते. आमच्या उसाच्या फडाशेजारून वाहत गेलेलं भीमेचं पाणीही त्याच दिशेनं जातं आणि रायचूरच्या अलीकडं कृष्णेला मिळतं. मुंबईकडून टाकत नेलेले रूळ आणि मद्रासकडून आणलेले रूळ १८७१ मध्ये एकमेकांना जोडले गेले, तेही रायचूरलाच. नदीनं आणि रेल्वेनं दक्षिणेची वाट आम्हाला अशी दारातूनच दाखवून ठेवली आहे.

या वाटेची आठवण गेल्या दिवाळीत झाली. माझ्या धाकट्या भावाची मुलगी संगणक अभियंता आहे. पुण्यात दोन वर्षं नोकरी केल्यावर तिच्या हाती एकाच आठवड्यात दोन पत्रं आली. एक बंगळूरच्या कंपनीचं, दुसरं चेन्नईच्या. पगारात फार फरक नव्हता. उत्तर पंधरा दिवसांत कळवायचं होतं. पाडव्याच्या दिवशी आमच्या ओसरीवर या दोन शहरांचा निवाडा सुरू झाला. भावाचा प्रश्न एकच, हातात पैसे कुठं जास्त उरतील? तिच्या आईचा प्रश्न, रात्री उशिरा कामावरून येताना मुलीला भीती कुठं कमी? आमच्या आईचं वय नव्वदीच्या पुढं. तिनं विचारलं, ‘‘भाकरी कुठं मिळंल?’’ सगळे हसले, पण तिचा प्रश्न काही अगदीच वावगा नव्हता.

मग पोरगी माझ्याकडं वळली. ‘‘तात्या, तुम्ही तीस वर्षं इतिहास शिकवलात. तुम्हीच सांगा, या दोन्हींतलं कुठलं निवडू?’’

इतिहास म्हणजे काही पंचांग नव्हे, पान उघडून मुहूर्त सांगायला. तसं मी तिला म्हणालोही. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं, की नेमका हाच प्रश्न साडेतीनशे वर्षांपूर्वी आपल्याच मुलखातल्या एका घरापुढं उभा राहिला होता. एका बाजूला बंगळूर, दुसऱ्या बाजूला कावेरीचा काठ. ते घर भोसल्यांचं.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ एकोजीराजे, म्हणजेच व्यंकोजी. त्यांच्या आई तुकाबाई या मोहित्यांच्या घरातल्या. या तुकाबाईंचे भाऊ संभाजी मोहिते आमच्यापासून फार लांब नव्हते. दौंड तालुका ओलांडून पुढं बारामती तालुक्यात गेलं की सुपे लागतं. त्या सुप्यावर मोहिते होते आणि १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी ते ठाणं त्यांच्याकडून घेतलं, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. भाचा मात्र वाढला तो इथून शेकडो कोस दूर, बंगळूरला.

बंगळूर भोसल्यांकडं आलं ते १६३८ मध्ये. १५३७ मध्ये केंपेगौडांनी वसवलेलं हे गाव. पठारावरचं, थंड हवेचं, भोवती तळी आणि मध्ये गजबजलेल्या पेठा. विजापूरच्या फौजेनं रणदुल्लाखानाच्या हुकमतीखाली ते जिंकलं. त्या मोहिमेत शहाजीराजे होते आणि पुढं ते त्यांच्या जहागिरीचं मुख्य ठिकाण झालं. तिथला दरबार कसा होता, हे जयराम पिंड्ये या कवीनं आपल्या ‘राधामाधवविलासचंपू’त वर्णन करून ठेवलं आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी हा चंपू १९२२ मध्ये मोठी प्रस्तावना लिहून छापला. वेगवेगळ्या भाषांचे कवी त्या दरबारात येत, आपापल्या भाषेत काव्य म्हणून दाखवत आणि बिदागी घेऊन जात. बाल शिवाजीही काही काळ बंगळूरला होते. बारा वर्षांचे झाल्यावर शहाजीराजांनी त्यांना पुण्याच्या जहागिरीवर धाडलं, असं ‘शिवभारत’ सांगतं. थोरल्या घरातला मुलगा पुण्याला आला, धाकट्या घरातला बंगळूरला राहिला.

१६६४ मध्ये शिकारीला गेलेले शहाजीराजे होदिगेरेजवळ घोड्यावरून पडून वारले. बंगळूरची जहागीर एकोजीराजांकडं आली. पुढची दहा-अकरा वर्षं त्यांनी ती सांभाळली. मग दक्षिणेत एक घटना घडली. तंजावरचे नायक राजे विजयराघव १६७३ मध्ये मदुरेच्या नायकांशी लढताना मारले गेले. त्यांच्या वंशातलं एक लहान मूल तेवढं वाचलं. त्या मुलाला गादी मिळवून द्यावी म्हणून विजापूरकडं मदत मागण्यात आली आणि विजापूरनं या कामगिरीवर एकोजीराजांना पाठवलं. त्यांनी तंजावर जिंकलं. मुलाला गादीवर बसवणं हा मूळ हुकूम, पण थोड्याच काळात, १६७५-७६च्या सुमारास, एकोजीराजे स्वतःच तंजावरचे राजे झाले.

इथं कुणाची भलामण करायची नाही. दुसऱ्याच्या लेकराची गादी राखायला गेलेल्या माणसानं ती स्वतः घेतली, हे जसं घडलं तसंच सांगायला हवं. आपल्यापुढं प्रश्न आहे तो त्यानंतरचा. आता या माणसाच्या हातात दोन शहरं होती. बंगळूर वडिलांचं. तिथं जवळजवळ चाळीस वर्षांचं बस्तान, ओळखीची माणसं, मानवलेली हवा. तंजावर नवं, परक्या भाषेचं, दमट. पण कावेरीच्या खोऱ्यातलं, म्हणजे भाताचं कोठार. हजार इसवीच्या सुमारास राजराज चोळानं उभारलेलं बृहदीश्वराचं मंदिर तिथं, नागपट्टणमसारखी बंदरं जवळ. मुख्य म्हणजे बंगळूरला ते कुणाचे तरी जहागीरदार होते, तंजावरला स्वतः राजे.

एकोजीराजांनी तंजावर निवडलं. तेव्हा ते काही विशीतले तरुण नव्हते. पण चाळिशीच्या पुढंमागं असलेल्या माणसानं बापाचं जमलेलं घर सोडून दुसरीकडं बिऱ्हाड हलवणं, हे विशीतल्यापेक्षा अवघडच म्हणायचं.

पुढं १६७७ मध्ये शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयाला निघाले. भागानगरला, म्हणजे आजच्या हैदराबादला, कुतुबशहाची भेट घेऊन ते कर्नाटकात उतरले. जिंजी घेतली. कोळ्ळिडम नदीच्या काठी दोघा भावांची भेट झाली. महाराजांनी वडिलांच्या दौलतीतला अर्धा वाटा मागितला. एकोजीराजे घाबरले आणि एके रात्री नदी उतरून तंजावरला निघून गेले. मग बंगळूर, कोलार, होसकोटे हा जहागिरीचा मुलूख महाराजांनी आपल्या ताब्यात घेतला. दोन्हीकडच्या फौजांत लढाईही झाली.

समेट घडला तो एकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांच्या शहाणपणानं आणि रघुनाथपंत हणमंते यांच्या मध्यस्थीनं. तहाची कलमं बखरीत आली आहेत. त्यांतलं एक कलम वाचताना मी नेहमी थबकतो. बंगळूर आणि आसपासचा मुलूख महाराजांनी धाकट्या भावजयीला चोळी-बांगडीसाठी दिला आणि तो पुढं लेकींकडं जावा, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतणीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘म्हणजे बंगळूर बाईमाणसाच्या नावावर होतं?’’

‘‘निदान बखरीत तरी,’’ मी म्हणालो.

तहानंतर एकोजीराजांना उदासी आली. कामकाजात लक्ष लागेना. महाराजांनी त्यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. हे दिवस काम करण्याचे आहेत, विरक्ती म्हातारपणासाठी ठेवा, चाकरमाणसांना रिकामं बसवून खायला घालू नका, असा त्याचा आशय. परमुलखात जाऊन उदास झालेल्या धाकट्या भावाला थोरल्यानं याहून चांगलं काय लिहावं?

आणि बंगळूरचं काय झालं? तंजावरहून ते राखणं महाग पडू लागलं. इतक्या दूर फौज ठेवायची, तिचा खर्च करायचा आणि शेजारी म्हैसूरकर बळकट होत चाललेले. शेवटी म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांना ते तीन लाख रुपयांना विकायचं ठरलं. व्यवहार पुरा होतो न होतो तोच १६८७ मध्ये औरंगजेबाचा सरदार कासिमखान यानं बंगळूर घेतलं आणि ते म्हैसूरकरांच्या हवाली केलं. रक्कम तीच, तीन लाख.

ज्या शहरात आज देशभरातली तरणी पोरं नोकरीसाठी धाव घेतात, ते शहर भोसल्यांनी तीन लाखांना विकायला काढलं होतं! माझ्या भावानं हे ऐकून कपाळावर हात मारला. ‘‘चुकलंच त्यांचं,’’ म्हणाला. पण १६८७ मध्ये हे कुणाला कळणार होतं? पुढं इंग्रजांची छावणी येणार, १९०९ मध्ये टाटांच्या देणगीतून विज्ञान संस्था उभी राहणार, विमानांचा कारखाना निघणार, हे कुठल्या ज्योतिषानं सांगितलं असतं? लांब कशाला, १९८१ मध्ये सात इंजिनिअरांनी पुण्यात सुरू केलेली इन्फोसिस १९८३ मध्ये बंगळूरला गेली, तेव्हा तरी पुणेकरांना कुठं काय कळलं होतं? शहराचं भविष्य पाहून शहर निवडता येत नाही. ते कुणालाच दिसत नसतं.

मग एकोजीराजांची निवड बरोबर की चूक, हे ठरवायचं कशावरून? मला वाटतं, त्यांच्या घराण्यानं तंजावरला जाऊन काय केलं, त्यावरून.

एकोजीराजांचे चिरंजीव शहाजीराजे, आजोबांचंच नाव लावणारे, १६८४ मध्ये गादीवर आले. त्यांनी तेलुगूत नाटकं लिहिली, मराठीतही लिहिली. त्यांचं ‘पंचभाषाविलास’ नावाचं एक नाटक आहे. त्यातली पात्रं तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी आणि संस्कृत अशा पाच भाषांत बोलतात. मराठी नाटकाचा आरंभ आपण १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी केलेल्या ‘सीतास्वयंवरा’पासून धरतो. पण त्याच्या दीडशे वर्षं आधी कावेरीच्या काठी मराठी नाटकं लिहिली जात होती. ती तिथल्या यक्षगानाच्या वळणावर लिहिलेली होती, म्हणजे भाषा आपली आणि रीत तिथली.

सांबाराची गोष्टही इथलीच सांगतात. आमसूल मिळेना म्हणून आमटीत चिंच घातली आणि पाहुण्या संभाजीराजांच्या नावावरून तिला सांबार म्हणू लागले. या कथेला कागदाचा आधार नाही, ती दंतकथा म्हणूनच ऐकावी. पण परक्या गावी संसार मांडणाऱ्या कुठल्याही बाईला ती पटेल. जे मिळतं ते आपल्या आमटीत घालायचं आणि जेवायला बसायचं.

या घराण्यातला एक राजा मात्र खरोखरच तरुणपणी दोन शहरांमध्ये अडकला होता. दुसरे सरफोजी. जन्म १७७७ चा. तुळजाराजांनी त्यांना दत्तक घेतलं आणि लगेच राजे वारले. गादी अमरसिंहांनी घेतली. पोराच्या जिवाला धोका नको म्हणून श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्यानं त्याला सांभाळलं, शिकवलं आणि १७९३ मध्ये मद्रासला हलवलं. सोळा ते एकवीस या वयातली वर्षं सरफोजींची मद्रासला गेली. इंग्रजांचं भरभराटीला आलेलं शहर, बंदर, छापखाने, ग्रंथ, शास्त्रं. १७९८ मध्ये इंग्रजांनी त्यांना तंजावरच्या गादीवर बसवलं आणि वर्षभरात तह करून राज्यकारभार काढून घेतला. राजांच्या हाती जवळजवळ किल्ल्यापुरतीच सत्ता उरली.

अशा वेळी तनखा घेऊन मद्रासला आरामात राहणं काही अवघड नव्हतं. त्यांनी मद्रासला जे पाहिलं होतं तेच तंजावरला आणलं. देवनागरी छापखाना काढला. त्यात १८०६ मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ छापली, म्हणजे मराठीतल्या इसापच्या गोष्टी. पुण्यात पेशवाई चालू होती आणि इथं छापील मराठी पुस्तक नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. ‘धन्वंतरी महाल’ काढून वैद्यकाचं काम चालवलं. सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं. मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल तिथं आजही आहेत. १८०३ मध्ये भोसल्यांच्या वंशाचा इतिहास मराठीत लिहवून त्यांनी बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरवून घेतला. चोळांचं मंदिर, त्यावर मराठी अक्षरं. आणि स्वतः ‘देवेंद्र कुरवंजी’ लिहिली. कुरवंजी हा अस्सल तमिळ नाट्यप्रकार, त्यात भविष्य सांगणारी डोंगरची बाई येते. सरफोजींनी त्या बाईच्या तोंडून मराठीत साऱ्या जगाचा भूगोल सांगितला.

१८५५ मध्ये वारस नसल्याचं कारण दाखवून इंग्रजांनी तंजावर खालसा केलं. राज्य संपलं, पण मराठी माणसं तिथून निघाली नाहीत. पुढं त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव हे १८२८ मध्ये कुंभकोणमला जन्मलेले आणि मद्रासला शिकलेले तंजावरी मराठी. घरात मराठी आणि बाहेर तमिळ बोलणारी कुटुंबं तिकडं आजही भेटतात. त्यांची मराठी ऐकली की आपल्याला जुन्या बखरीची आठवण येते आणि आपली ऐकली की त्यांना हसू येतं.

आता दोन्ही शहरं शेजारी ठेवून पाहा. बंगळूर भोसल्यांकडं पन्नासेक वर्षं होतं. तिथं शहाजीराजांचा दरबार होता, वैभव होतं. पण तंजावरला गेल्यावर बंगळूर म्हणजे वसूल, वाटणी आणि चोळी-बांगडी एवढंच उरलं. उत्पन्नापुरतं राहिलेलं गाव उत्पन्न परवडेना झाल्यावर विकायला निघालं. तंजावरचा वसूल गेला, सत्ता गेली, गादी गेली, तरी गाव सुटलं नाही. माझ्या समजुतीप्रमाणं फरक इतकाच, की एका शहरात त्यांनी शेवटी फक्त छावणी ठेवली आणि दुसऱ्या शहरात घर केलं.

हे सगळं मी पुतणीला मोठ्या ऐटीत सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘तात्या, तुम्हीपण तरुणपणी बंगळूरला होतात ना? मग परत का आलात?’’

मंडळी, या प्रश्नाचं माझं ठरलेलं उत्तर होतं. हवा मानवली नाही. बंगळूरची हवा मानवली नाही असं सांगणारा साऱ्या महाराष्ट्रात मी एकटाच असेन. पण गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं हे उत्तर खपून गेलं होतं. त्या दिवशी मात्र ते तोंडातून निघेना.

१९७९ मध्ये, बावीस वर्षांचा असताना, मी एका बँकेत कारकून म्हणून बंगळूरला गेलो. दौंडला गाडीत बसलो, गुंटकलला गाडी बदलली. चिकपेठेच्या बाजूला एका खोलीत आम्ही चौघं मराठी पोरं राहायचो. जेवायला आमच्याच भागातल्या एका बाईंची खाणावळ. रविवारी पत्ते. टपालानं येणारं मराठी वर्तमानपत्र तीन दिवस शिळं झालं तरी अथपासून इतिपर्यंत वाचायचो. गणपती बसवला तोही चौघांतच. दीड वर्षात कन्नडचे दहा शब्दही मी शिकलो नाही. गरजच काय, हिंदी-इंग्रजीवर भागतं की, असं वाटायचं.

एकदा एक म्हातारी खातेपुस्तक घेऊन माझ्या खिडकीशी आली. कन्नडमध्ये काही विचारू लागली. मला कळेना. मी हातानंच पलीकडची खिडकी दाखवली. ती तिकडं गेली, तिथं गर्दी होती, पुन्हा माझ्याकडं आली. मी पुन्हा तेच केलं. दुसऱ्या दिवशीही ती आली आणि तिसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या कन्नड सहकाऱ्यानं तिला जवळ बोलावून विचारलं. तिचा मुलगा फौजेत होता. त्यानं पाठवलेले पैसे आले का, एवढंच तिला विचारायचं होतं. पैसे पहिल्याच दिवशी जमा झालेले होते. खातं माझ्याच टेबलावरच्या वहीत होतं. ते तीन दिवस तिनं घरात काय शिजवलं असेल, कोण जाणे. जाताना ती मला काही बोलली नाही. बोलली असती तरी मला कळलं नसतं.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांत मी राजीनामा देऊन गावी आलो, पुढं शाळेत लागलो. शहर मला मानवलं नाही, असं मी सांगत राहिलो. खरं म्हणजे मी त्या शहरात गेलोच नव्हतो. चिकपेठेत वडगाव रासाईची एक छावणी टाकून दीड वर्ष बसलो होतो.

हे सगळं मी भावासमोर, वहिनीसमोर, आईसमोर त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. कुणी काही बोललं नाही. मग आई म्हणाली, ‘‘त्या म्हातारीला पैसं तरी मिळालं नव्हं?’’

‘‘मिळाले,’’ मी म्हणालो.

आपण पुण्यात काय बोलतो ते आठवून पाहा. दहा वर्षं इथं राहून यांना मराठीचा एक शब्द येत नाही, असं म्हणून आपण नाक मुरडतो. त्यात चूक नाही. माणसानं ज्या गावचं पाणी प्यावं त्या गावची भाषा निदान भाजी घेण्यापुरती तरी शिकावी, ही अपेक्षा रास्तच आहे. पण तोच काटा दौंडला गाडीत बसल्यावर आपल्यालाही लागतो, हे आपण सोयीनं विसरतो. बंगळूरला गेलेली आपली मुलं तिथल्या लोकांच्या तक्रारी सांगतात, तेव्हा मला माझी खिडकी आठवते.

आणि भोसले गेले म्हणून बंगळूरची सगळी मराठी माणसं काही गेली नाहीत. तिथंही पिढ्यान्पिढ्या मराठी बोलणारी घरं आहेत. अशाच एका घरात १९५० मध्ये एक मुलगा जन्मला. घराण्याचं मूळ गाव आमच्याच पुणे जिल्ह्यातलं, पुरंदर तालुक्यातलं मावडी कडेपठार, असं सांगतात. मुलाचं नाव ठेवलं शिवाजी. शिवाजीराव गायकवाड. मोठा झाल्यावर तो बंगळूरच्या शहर बसमध्ये वाहक झाला. नोकरी कायमची, माणसं ओळखीची, कन्नड अस्खलित. बंगळूरला राहायला त्याला काहीच अडचण नव्हती. पण नाटकाचं वेड होतं. १९७३ मध्ये, तेवीस वर्षांचा असताना, तो अभिनय शिकायला मद्रासला गेला. तिथं दिग्दर्शक के. बालचंदर यांनी त्याला पाहिलं आणि तमिळ शिकायला सांगितलं. तो शिकला. १९७५ मध्ये ‘अपूर्व रागंगळ’ या चित्रपटातून तो पडद्यावर आला, रजनीकांत या नावानं. पुढचं मी सांगायला नको.

म्हणजे तीनशे वर्षांनी एक मराठी माणूस पुन्हा बंगळूरहून तमिळ मुलखात गेला आणि तिथलाच झाला. या खेपेला बरोबर फौज नव्हती आणि कुणाची गादीही घ्यायची नव्हती. भाषा मात्र शिकावी लागली.

माझ्या या सगळ्या पुराणाचा रोख चेन्नईकडं आहे, असं घरात सर्वांना वाटलं. एकोजीराजे तिकडं गेले, सरफोजी तिकडं रमले, रजनीकांत तिकडं मोठा झाला. भाऊ म्हणाला, ‘‘मग चेन्नईच पक्कं.’’

पोरीनं मान हलवली. म्हणाली, ‘‘मला बंगळूरचं काम जास्त आवडलंय. आणि तात्यांचंच म्हणणं आहे ना, की गाव कुठलं हा प्रश्न अर्धाच आहे म्हणून? उरलेला अर्धा मी तिथं जाऊन बघते.’’

मला ते पटलं. विशीतल्या मुलांना आपण विचारतो ते प्रश्न चुकीचे नाहीत. पगार बघावा, घरभाडं बघावं, रात्रीची वाट सुरक्षित आहे का तेही बघावं. आमच्या आईच्या भाकरीचाही विचार करावा. पण या सगळ्याची बेरीज करून दोन शहरं सारखीच आली, तर स्वतःला आणखी एक गोष्ट विचारावी. यांतल्या कुठल्या गावात मी शेजाऱ्याच्या बारशाला जाईन, मयताला जाईन? कुठली भाषा चुकत-माकत बोलायची माझी तयारी आहे? ज्या गावाच्या बाबतीत याचं उत्तर मिळेल, ते आपलं गाव. मग ते शहर पुढं वाढो की न वाढो. आणि उत्तर दोन्हीकडं नाही असंच येत असेल, तर कुठंही गेलं तरी दीड वर्षात हवा मानवत नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

ती पौषात गेली. सामान बरंच होतं म्हणून दौंडहून गाडीनं गेली. फलाटावर तिच्या आईनं डोळे पुसले, भावानं सामान मोजलं. भाकरीचं पीठ आमच्या आईनं कधीच बांधून ठेवलं होतं. मी तिला काहीच दिलं नाही. उपदेश आधीच पुष्कळ झाला होता.

महिन्याभरापूर्वी तिचा फोन आला. घरमालकीणबाई कन्नड, त्यांच्याशी ती रोज संध्याकाळी अर्धा तास कन्नडमध्येच बोलते म्हणे. आणि ज्वारीची भाकरी तिथं मिळते. त्यांच्याकडं उत्तर कर्नाटकातल्या भाकरीला ‘रोट्टी’ म्हणतात, पण थापायची रीत आपलीच. हे आईला सांगितलं तेव्हा ती एकदम निर्धास्त झाली. बंगळूरबद्दलची तिची शेवटची शंका फिटली.

‘‘तात्या, तुम्ही एकदा या,’’ पोरगी म्हणाली. मी हो म्हणालो आहे. तिनं अट घातली आहे, की स्टेशनवरून घरापर्यंत रिक्षावाल्याशी मी कन्नडमध्ये बोलायचं. म्हणून या वयात रोज सकाळी अंगणात बसून घोकतो आहे. ओंदु, एरडु, मूरु. दहापर्यंत आलो आहे.